भिंतीवरची रेघ

वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठच्या गावांत घराघरांच्या भिंतीवर रेघा आहेत. कुठे कोळशाची, कुठे ऑइलपेंटची, तर कुठे नुसती गाळाची पिवळट कड, दोनदा चुना मारला तरी परत वर येणारी. रेघेशेजारी साल असतं: २००५, २०१९, २०२१. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, रायबाग, कागवाड, अथणी या पट्ट्यात पाहुणा आला की चहा होईपर्यंत त्याला ही रेघ दाखवली जातेच.

रेघ खरी असते, पण अर्धंच सांगते. पाणी कुठवर आलं एवढंच तिला ठाऊक. किती तासांत आलं, कुठल्या अंगानं आलं, किती दिवस बसून राहिलं, हे तिला सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच नडलं. २००५ ची रेघ सगळ्यांना पाठ होती. तिच्या हातभर वर पोती रचली, जनावरं त्या रेघेच्या वरच्या गोठ्यात बांधली आणि माणसं निर्धास्त राहिली. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये तिथं पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं, २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. सांगलीच्या खालच्या गावांना हा तीन-साडेतीन फुटांचा फरक कसा गेला, हे ज्यांची पोती भिजली त्यांना विचारावं. रेघ पाठ असल्यामुळेच ती माणसं घरात थांबली होती.

म्हणून जुन्या माणसांकडून पुराची उंची विचारून घेताना त्याचा क्रमही विचारून घ्यावा. आधी कुठला बंधारा बुडाला? मग कुठली पाणंद? त्यानंतर गावठाणाकडे पाणी यायला किती वेळ लागला? पाणी समोरून, नदीकडून आलं की मागच्या ओढ्यातून? ही आठवण भिंतीवर उमटत नाही, ती माणसाबरोबर जाते.

इथलं पाणी दोन तऱ्हांनी येतं. एक चढीचं आणि दुसरं फुगीचं. चढीचं पाणी वाहतं असतं. त्याचा आवाज येतो, त्यात ओंडके आणि झुडपं वाहत येतात, रंग लाल-तांबडा असतो. ते झपाट्यानं चढतं, तसं झपाट्यानं उतरतंही. वेदगंगेचं पाणी बहुतेक वेळा असं. पाटगावच्या बाजूला घाटमाथ्यावर रात्रभर धो-धो कोसळला की दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बाजूला त्याचा हिशेब दिसतो. फुगीचं पाणी वेगळं. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर दूधगंगेच्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. ते मागं सरतं, ओढ्या-नाल्यांच्या तोंडातून उलटं आत शिरतं आणि शिवारात तळं करून बसतं. त्याला आवाज नसतो. वर पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडलेलं असतं, आणि तरी पाणी बोटा-बोटानं वाढत असतं. फसगत होते ती इथं. पाऊस उघडला म्हणून माणूस सामान खाली उतरवतो, आणि त्याच रात्री मागच्या दारातून पाणी येतं.

फुगीचं पाणी ओळखायचं कसं? ओढ्यात काडी टाकून बघायची. काडी नदीकडे गेली तर ओढा अजून वाहतोय. काडी जागच्या जागी फिरली किंवा गावाकडे सरकली तर फुग आली. मग आभाळाकडे बघण्यात अर्थ नाही, राजापूरच्या बंधाऱ्याकडे कान लावायचा.

राजापूर महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात. कृष्णा कर्नाटकात शिरण्याआधीचा तो बंधारा. कोयनेचं पाणी आणि नरसोबाच्या वाडीला मिळणारी पंचगंगा, दोन्हींची बेरीज तिथं होते. तिथून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) सुटतंय, त्यात सदलग्याजवळ दूधगंगा किती वाहतेय हे मिळवलं की कल्लोळच्या खाली कृष्णेत किती पाणी असेल ते कळतं. बातमीत हे आकडे रोज येतात, पण नुसते आकडे ऐकून काही बोध होत नाही. एवढं ध्यानात ठेवावं: ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. पंचगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एकातून १,४२८ क्युसेक सुटतं, म्हणजे सातही उघडले तर सुमारे १०,००० क्युसेक. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी ऐकून धसका बसतो खरा, पण तेवढ्यानं महापूर येत नाही. राधानगरीचे सातही उघडे, खालच्या मोकळ्या खोऱ्यात पाऊस चालू, कोयनेचा विसर्ग वाढवलेला आणि कृष्णा आधीच पात्राबाहेर, हे चारही एका दिवसात जुळले की मग बांधाबांध करावी. कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, आणि दर पुरात तिच्या फुगवट्यावरून दोन्ही राज्यांत वाद पेटतो. तो वाद अभियंत्यांनी निस्तरावा. काठच्या माणसाला आज संध्याकाळी जनावरं हलवायची की नाही, हे ठरवायचं असतं.

ते ठरवण्याचं साधन साधं आहे: एक मेसकाठी. पाण्याच्या कडेला, ओघ नसेल अशा जागी ती रोवायची आणि चार-चार बोटांवर विळ्यानं खाचा पाडायच्या. तासानं बघायचं. तासाला दोन बोटं चढत असेल तर रात्र काढता येते. चार बोटं चढत असेल तर बारा तासांत पाणी कमरेला येतं, म्हणजे दिवस मावळायच्या आत घर सोडायचं. काठी एकच रोवू नये, वाहून गेली की हिशेब तुटतो. एक नदीच्या अंगाला, एक मागच्या ओढ्याच्या अंगाला. आणि बघायला जायचं ते दोघांनी. एकट्यानं बॅटरी घेऊन पाण्याच्या कडेला जाऊ नये. ओल्या दरडी पायाखालून सुटतात.

नक्षत्रांचा हिशेबही उपयोगी पडतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस जमीन आणि धरणं भरतो. २० जुलैच्या सुमारास पुष्य लागतं, म्हणजे म्हातारा पाऊस, आणि ३ ऑगस्टच्या सुमारास आश्लेषा, आपला आसळका. २००५ चा पूर जुलैच्या अखेरीस आला. २०२१ चा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, म्हाताऱ्यात. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आसळक्यात. तरण्या पावसात धरणं भरलेली असतात, म्हणून पुढच्या पावसाला साठायला जागा राहत नाही. ज्या वर्षी तरणा जोरात, त्या वर्षी म्हाताऱ्याआधी मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली, मोटर वर काढलेली बरी.

मोटरीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसा तिथं बुडतो आणि तो वाचवणं हातात असतं. नदीकाठच्या साडेसात-दहा एचपीच्या मोटरी चार माणसांशिवाय उचलत नाहीत. क्रम असा: आधी लाइन बंद, फ्यूज काढून खिशात. मग स्टार्टरची पेटी उतरवायची, वायरींना रंगीत चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे जोडताना उलटसुलट होत नाही. मग फ्लँजचे बोल्ट, मग फाउंडेशनचे. हे बोल्ट वर्षभर गंजलेले असतात आणि ऐन पावसात, चिखलात पाना फिरत नाही. म्हणून मे महिन्यातच ते एकदा सैल करून, ग्रीस लावून पुन्हा आवळावेत. पाइप सोडला तरी चालतो, नंतर सापडतो. मोटर बुडाली तर ती तशीच चालू करून बघण्याचा मोह आवरावा. वाइंडिंगमध्ये ओल असताना वीज दिली की ती जळालीच. खोलून, गोड्या पाण्यानं गाळ धुवून, उन्हात चार-पाच दिवस वाळवून, मेगर नावाच्या मीटरनं तपासून, इन्सुलेशन निदान एक मेगओहम आलं तरच जोडणी. बेअरिंग मात्र बदलावंच लागतं. त्यात शिरलेला बारीक गाळ ग्रीसबरोबर मिसळून ते कुरतडतो.

जनावरांचं काम मोटरीच्याही आधी. म्हैस पोहते, गाय आणि बैलही पोहतात, पण दाव्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. पुरात मेलेल्या जनावरांच्या गळ्यात दावं असतं. भिजलेली गाठ सुटत नाही, म्हणून गोठ्याच्या मेढीला हाताला येईल असा कोयता पावसाळाभर अडकवलेला असावा. घटसर्प आणि फऱ्याची लस मे-जूनमध्ये टोचून घ्यावी, पूर आल्यावर टोचून उपयोग नाही. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. वैरणीचं एकच: कडब्याची गंजी माळावर. भिजलेला, बुरशी आलेला कडबा जनावराला घालू नये, आणि गाळानं माखलेलं उसाचं वाडं किंवा गवत धुतल्याशिवाय तर नाहीच.

गंजीवरून आठवलं. सरकारी निवाऱ्याला इकडे ‘गंजी केंद्र’ म्हणतात. कन्नडमध्ये गंजी म्हणजे पेज. आपल्या मराठीत गंजी म्हणजे कडब्याची रास. सीमाभागात पूर आला की दोन्ही गंज्यांची एकदमच काळजी करावी लागते.

होडी नसलेल्या गावांत काहिलीनं माणसं काढली आहेत. गुळाची काहिल पावसाळ्यात गुऱ्हाळावर पालथी पडलेली असते, तीच उताणी करून पाण्यात ढकलायची. ती तरंगते चांगली, पण गोल असल्यामुळे एका बाजूनं वल्हवली की जागच्या जागी गरगरते. दोघांनी समोरासमोर बसून, दोन बांबूंनी तळाला रेटत न्यायची. मध्ये तीन-चार माणसं, सगळी बसलेली. एक जण उभा राहिला की काठ पाण्यात जातो. ओघाच्या पाण्यात काहिल घालू नये, ती फक्त तुंबलेल्या पाण्यासाठी. आणि एक गोष्ट पुरात हमखास विसरली जाते: पाणी दहा फूट चढलं की डोक्यावरच्या विजेच्या तारा दहा फूट खाली आलेल्या असतात. उभा बांबू त्यांना लागतो. हेस्कॉमनं, म्हणजे वीज कंपनीनं, लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय काहिल, नाव काहीच तारांखालून नेऊ नये.

रस्ते कुठल्या क्रमानं तुटतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड आणि कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर, हे बंधारेवजा खालचे पूल. थोड्या पावसातही ते पाण्याखाली जातात, आणि मग पलीकडच्या गावाला जायला मोठा वळसा. कृष्णेवरचा कुडची-उगारचा पूल त्यांच्या बराच वर, तो बुडाला की समजायचं, आता खरा महापूर. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर २०१९ मध्ये आलं, २०२१ मध्ये पुन्हा आलं आणि वाहतूक बंद झाली. पूरपट्ट्यात उंच भराव घालून रस्ता नेला की तो बांधासारखं काम करतो. खालच्या मोऱ्यांतून मावेल तेवढंच पाणी पुढं जातं, बाकीचं वरच्या अंगाला चढत राहतं. भरावाच्या वरच्या बाजूच्या गावांनी म्हणूनच जुनी रेघ प्रमाण मानू नये. रस्ता बदलला की रेघही बदलते.

शिवाराला मात्र भिंतच नाही, त्यामुळे रेघही नाही. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या रानात बसतं. गाळ, जलपर्णी आणि शहरातला कचरा यांनी नाला उथळ झालेला. इथं भाताची धूळवाफ पेरणी होते. रोप वीतभर असताना पाणी डोक्यावरून गेलं आणि आठवडा-दहा दिवस बसलं, की ते कुजतं. मग दुबार पेरणी किंवा लावण. नदीच्या पुराची चर्चा होते, नाल्याच्या पुराचं नुकसान दरवर्षी थोडं थोडं आणि गुपचूप होतं. याचं वाईट वाटतं, कारण पावसाळ्याआधी गाळ आणि जलपर्णी काढली तर हे पाणी निम्म्या वेळात निघून जाईल.

खानापूरकडचं दुखणं आणखी वेगळं. कणकुंबीकडे पाऊसच एवढा की मलप्रभा चढली की हब्बनहट्टीचा मारुती पाण्याखाली जातो. जंगलातल्या वाड्यांना नाल्यावरचे लाकडी साकव हाच रस्ता. तिथं मृगाच्या आधीच चार महिन्यांचं धान्य, मीठ, तेल, औषधं भरून ठेवतात. तिथं पूर हा अपघात नसतो, तो ऋतूच असतो.

रेघ न ठेवणारा दुसरा म्हणजे वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी पूर्वेकडे काळंभोर उठतं, आधी धुळीचा लोट, मग अंगाला गार लागणारा वारा, आणि पाऊस यायच्या आधीच पत्रे गेलेले असतात. अथणीकडे बेदाणा वाळत असताना हा वळीव आला तर वर्षाची कमाई काळी पडते. घराचे पत्रे उडतात ते वळचणीच्या कडेपासून. उघड्या सोप्यात वारा शिरतो, आतून वर रेटतो, आणि कडेचा पत्रा एकदा फडफडला की पुढचे एका मागोमाग निघतात. त्यावर उपाय म्हणून दगड ठेवतात. दगडानं पत्रा थांबत नाही, उलट तोच दगड अंगणात माणसाच्या डोक्यात पडतो. कडेच्या पत्र्याला एक सोडून एक नळीत हुक हवा, मधल्यांना तीन-चार नळ्यांमागे एक चालेल. वळचण भिंतीबाहेर फूटभरापेक्षा जास्त काढू नये. दर चैत्रात शिडी लावून गंजलेले हुक आणि चिरलेले वॉशर बदलावेत. एक दिवसाचं काम आहे.

पाणी उतरल्यावरचा आठवडा सगळ्यांत धोक्याचा. मातीच्या भेंड्यांची किंवा कच्च्या विटांची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी गेल्यावर पडते. खालचा हात-दोन हात भाग भिजून लोण्यासारखा झालेला असतो. दोन्ही अंगांनी पाणी असेपर्यंत त्याला आधार असतो. पाणी गेलं की वरच्या माळवदाचा भार त्या मऊ मातीवर येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं, ती बसते. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर आणखी वाईट, ओल आतच कोंडून राहते आणि भिंत वरून धडधाकट दिसते. पायथ्याशी फुगार आलाय का, चौकट तिरकी झालीय का, दार घासतंय का, हे बघावं. पंधरा दिवस अशा घरात झोपू नये. धुवायला जावं ते दिवसा, दारं-खिडक्या उघड्या टाकून, आणि सामान उचलताना आधी काठीनं डिवचून, कारण घोणस आणि नाग त्याच आडोशाला आलेले असतात. मलबा हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. २०१९ मध्ये पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले होते. पंचनामा होईपर्यंत आवरून टाकलेल्या घराचं नुकसान कागदावर कमीच दिसतं. अर्ज कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी जाणत्याकडून वाचून घ्यावा.

आड किंवा विहीर बुडाली असेल तर गाळ उपसून मगच औषध. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे सुमारे २२,००० लिटर. पुरानंतर हजार लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर ११० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मुठी. ती थेट टाकू नये. बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यावा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून खाली-वर हलवावी. तासभर उपसा नको. पावडर जुनी, उघडी पडलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि माप कितीही बरोबर असलं तरी फुकट.

उसाचं गणित शेंड्यावर चालतं. शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस पंधरवडाही काढतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, गाळ शिरला आणि आठ-दहा दिवस तसाच राहिला की शेंडा कुजतो, मग बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, कांडी पोकळ होते, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातात. असा ऊस लवकर तोडून घालवावा, बेण्याला कधीच धरू नये. सोयाबीन दोन-तीन दिवसांतच संपतं, त्यावर फवारे मारून पैसे घालवू नयेत. मळीच्या रानात बसलेला गाळ मात्र राखावा. वाफसा आला की त्यात शाळू किंवा हरभरा बिनखताचा येतो.

घाटावर नदीची ओटी भरायला जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट ठाऊक असते: यंदा कितव्या पायरीवर उभं राहून ओटी भरली. सालोसालचं हे माप बऱ्याच गावांत कुणी लिहून घेतलेलं नाही. विचारून घ्यावं आणि भिंतीवरच्या रेघेशेजारी लिहावं. सालाखाली तारीख, पाणी उंबऱ्याला लागलं ती वेळ, माथ्याला पोचलं ती वेळ, किती दिवसांनी उतरलं, आधी कुठला पूल गेला, आणि त्या दिवशी राजापूरहून किती क्युसेक सुटत होतं. ऑइलपेंटनं लिहावं, आणि दिवाळीला भिंतीला रंग देताना तेवढा चौकोन सोडून ब्रश फिरवावा.